कोठुळेकाकांचे ई

“आधीचं बरं, की आत्ताचं?”

हा प्रश्न कोठुळेकाकांनी मला चहाबद्दल विचारलाय, वांग्यांबद्दल विचारलाय, द्वारकेच्या चौकातल्या सिग्नलबद्दल विचारलाय, आणि माझ्या नवऱ्याने मिशी काढली तेव्हा त्याच्या देखत त्याच्याबद्दलही विचारलाय. चष्म्याच्या दुकानात उभा जन्म गेलेल्या माणसाचा तो प्रश्न. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड, गोल चौकट चढवायची, तिच्यात एक भिंग टाकायचं, ते काढून दुसरं टाकायचं आणि विचारायचं, आधीचं बरं की आत्ताचं? दिवसभर तेच विचारून त्यांच्या जिभेला वळणच पडलं होतं. आपण “काका, दोन्ही सारखंच” म्हटलं की त्यांचा चेहरा खुलायचा. दोन्ही सारखं वाटायला लागलं म्हणजे नंबर सापडला, असं त्यांचं शास्त्र. नवऱ्याच्या बाबतीतही मी तेच उत्तर दिलं आणि ते समाधानाने खाली गेले.

खाली म्हणजे दुकानात. द्वारकेच्या चौकातून एक गल्ली आत वळते. तिच्यात एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला मालवाहतुकीचं ऑफिस, आणि मधे काकांचं दुकान. पाटीवर फक्त ‘चष्मे’ एवढंच. त्याच्या वरच्या मजल्यावर मी अकरा वर्षं गणिताच्या शिकवण्या घेतल्या. खालून ट्रकचे हॉर्न, टायरवाल्याचा हातोडा आणि काकांचा “आधीचं बरं की आत्ताचं” एवढ्या गोंगाटात माझी पोरं त्रिकोणमिती शिकली. त्यांना काही आलं असेल तर ते त्यांच्याच पुण्याईने.

मी तिथे जागा घेतली त्याच महिन्यात माझं डोकं दुखायला लागलं. काकांनी आतल्या लांबुडक्या खोलीत स्टुलावर बसवलं, दिवा मालवला, समोरचा तक्ता उजळला. वर एक मोठा ई, खाली एफ पी, त्याखाली टी ओ झेड, आणि मग उतरत उतरत मुंगीएवढी अक्षरं. मी पाचव्या ओळीपर्यंत आले आणि म्हणाले, “पी, ई, मग बहुतेक जी...”

काकांनी फटकन दिवा लावला.

“बाई, गणित शिकवता ना तुम्ही? पोरांनी अंदाजे उत्तर लिहिलं तर मार्क देता?”

“नाही.”

“मग मला का अंदाजे देताय? दिसत नाही म्हणा. दिसत नाही म्हणायला लाजायचं नाही. मी काय परीक्षा घेतोय का?”

मला राग आला. बाईंना कुणी असं बोलत नाही. पण पुढे अकरा वर्षं मी हे वाक्य जिन्यावरून रोज ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं, काकांचं अर्धं काम भिंगांचं आणि अर्धं हेच होतं. माणसं तिथे बसली की शाळकरी होत. ट्रक चालवणारे दांडगे बाप्ये ओठ चाटत, स्टुलाच्या कडा धरत. आणि दिसत नाही हे दोन शब्द सोडून बाकी सगळं बोलत. तक्ता हलतोय, लाईट कमी आहे, सकाळपासून काही खाल्लं नाही.

आणखी एक होतं. काका कुणाला कधी शाबास म्हणायचे नाहीत. एकदा एका आजोबांनी शेवटची ओळ धडाधड वाचली. मी दारात उभी होते, माझ्या तोंडून निघून गेलं, “वा, शाबास!” आजोबा खूश झाले. ते गेल्यावर काकांनी माझी बिनपाण्याने केली. “शाबास म्हटलं ना बाई, की माणूस पुढच्या वेळी दिसत नसलं तरी वाचतो. इथे तो शब्द आणायचा नाही.”

दिसायला काका म्हणजे अगदीच साधे. ठेंगणे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात पेनांच्या जागी तीन बारके पेचकस, आणि जुन्या धोतराचा एक चौकोनी, मऊ तुकडा. त्या तुकड्यावर त्यांचा फार जीव. कुणी ओढणीने किंवा शर्टाच्या टोकाने काच पुसताना दिसलं की काकांना सहन व्हायचं नाही. बसस्टॉपवर, बँकेच्या रांगेत, परक्या माणसाच्या हातातून चष्मा काढून घेऊन पुसून परत द्यायचे. टायरवाल्याची आई गेली तेव्हा तो रडत होता आणि बाहीने चष्मा पुसत होता. काका भेटायला गेले, सांत्वनाचा एक शब्द त्यांना सुचला नाही. त्यांनी त्याच्या नाकावरून चष्मा उचलला, धोतराच्या तुकड्याने दोन्ही काचा पुसल्या आणि परत चढवला. टायरवाला सांगतो, एवढ्या लोकांत मला बरं वाटलं ते त्या एकट्यामुळे.

गिऱ्हाइकांची नावं काकांच्या लक्षात राहत नसत. राहत ती अक्षरं. संध्याकाळी मी जिना उतरले की दिवसाचा हिशेब सांगायचे, “आज नुसते ओ, बाई. चार ओ, दोन झेड, एक सी.”

हे कळायला मला काही महिने लागले. ओ म्हणजे अंदाज ठोकणारे. अक्षर दिसलं नाही की माणूस हमखास ओ म्हणतो, म्हणून ते ओ. झेड म्हणजे दिवा मालवल्याबरोबर स्टुलावर बसल्या बसल्या पेंगणारे, बहुतेक रात्रभर गाडी हाणून आलेले ड्रायव्हर. काका त्यांना दहा मिनिटं झोपू द्यायचे, मग खाकरायचे. आणि सी म्हणजे अर्धंच सांगणारे. ज्यांचा जुना चष्मा खिशात असतो पण ते सांगत नाहीत, ज्यांना साखर असते पण ते सांगत नाहीत. “गोल पुरा करत नाहीत हो. थोडी फट ठेवतात.”

“आणि मी कोण?” मी एकदा विचारलं.

“तुम्ही सी. चष्मा वर विसरला म्हणता आणि घरीच ठेवून येता.”

खरं होतं. इंग्रजीत म्हणे एकाहून जास्त अक्षरं झाली की त्यांना मागे एसचं शेपूट जोडतात. काकांच्या मराठीत एक ओ तो ओ, आणि चार ओ तेही ओ. माणसं मात्र चार.

माझ्या शिकवणीत तन्वी नावाची दहावीतली एक पोरगी होती. चष्म्याची काडी मोडली म्हणून खाली गेली, तर अर्धा तास वर आलीच नाही. मी बघायला गेले तर काका काउंटरवर कोपरं टेकून तिच्याकडून शिकत होते.

“काका, आम्ही पण झेडच लिहितो! कुणी झोपलं ना, की तीन-चार झेड टाकायचे.”

“म्हणजे सगळीकडे झेड झोपतातच तर. आणि काय काय लिहिता?”

“हरलं की एल. परवाच्या टेस्टमध्ये मला एल पडला.”

“परवाच्या टेस्टमध्ये?” मी दारातून विचारलं. तन्वीने जीभ चावली.

“आणि जिंकलं की?” काकांनी विचारलं.

“डब्ल्यू.”

काकांनी आतल्या खोलीकडे मान वळवली, तक्त्यावरून नजर फिरवून आले. “आमच्यात डब्ल्यू नाहीच,” ते म्हणाले. “एल आहे.”

आम्ही हसलो. मागे फळीजवळ बसलेल्या मंगलकाकूही हसल्या.

मंगलकाकू म्हणजे काकांची बायको, आणि खरं तर अर्धं दुकान. तपासणीची खोली आणि काउंटर यांच्यामधे एक प्लायवूडची फळी होती. तिच्या अलीकडे काकू बसायच्या आणि भिंगं फ्रेममध्ये बसवायच्या. त्या येवल्याच्या विणकराच्या घरातल्या. मागावर तुटलेला रेशमाचा धागा लहानपणी बोटांनी शोधून जोडत आल्या होत्या, त्यामुळे अर्ध्या फ्रेमच्या खाचेत नायलॉनचा तो केसासारखा दोरा ओवणं त्यांना काहीच वाटायचं नाही. शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी अजिबात नाही. लग्नानंतर काकांनी त्यांना इंग्रजी अक्षरं शिकवली ती त्याच तक्त्यावरून, त्याच क्रमाने. त्यामुळे तक्त्यावर जी नऊ अक्षरं होती तेवढीच त्यांच्या ओळखीची. ए आणि बी त्यांना कधी भेटलेच नाहीत.

आणि फळीपलीकडून ती नऊ अक्षरं त्या रोज ऐकत होत्या. तीस वर्षं. कुणी अडखळत, कुणी ठणकावत, पण ओळी त्याच. त्यांच्या अंगात ते भिनलं होतं. मागच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना लाटण्याच्या ठेक्यावर म्हणायच्या, “ई... एफ पी... टी ओ झेड... एल पी ई डी...” नातू रडायला लागला की त्याला मांडीवर हलवत तेच. तो टी ओ झेडला झोपायचा. काका म्हणायचे, “तिचं हे रामरक्षेसारखं आहे.” मी एकदा काकूंना वर बोलावून माझ्या पोरांना ऐकवलंसुद्धा. काकू लाजल्या, पण सातही ओळी म्हणाल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या टाळ्या आज आठवल्या की मला कसंतरीच होतं.

तक्त्याशिवाय काकांकडे एक लाकडी ई होता. हाताएवढा, काळा रंग दिलेला. अक्षरओळख नसलेल्यांसाठी वेगळं कार्ड असतं, त्याच्यावर नुसते ई असतात, कुणी सरळ, कुणी उताणा, कुणी पालथा, कुणी उलट्या तोंडाचा. गिऱ्हाइकाने हातातला लाकडी ई तसा तसा फिरवून दाखवायचा. बोलायचं काम नाही. गंगापूर रोडच्या पुढच्या मळ्यातून भाजी घेऊन येणारी एक बाई होती, सखूबाई. तक्ता बघून ती उठून चालायलाच लागली. “मला न्हाय लिवता-वाचता येत. कशाला आब्रू घेता?”

काकूच फळीआडून बाहेर आल्या. त्यांनी लाकडी ई तिच्या हातात दिला. “हे अक्षर-बिक्षर काय नाय बाई. फणी हाय. आमच्या मागाला असते तशी. दात कुठं हायेत तेवढं दाखवायचं.”

सखूबाईने फणी हातात धरली. दात वर, दात खाली, दात डावीकडे. कार्डावरचे ई एकामागून एक बरोबर. चौथ्या ओळीला थांबली आणि म्हणाली, “हितून म्होरं न्हाय दिसत.”

“बघा,” काका मला नंतर म्हणाले, “सबंध महिन्यात हे वाक्य म्हणणारी ही एकटी.”

काकूंना साखर होती. गोळी चालू होती, पथ्य मोडणं चालू होतं. साखरेच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला काका नेमाने सांगायचे, “डोळ्याचा पडदा तपासून घ्या, दवाखान्यात जा, मी चष्मेवाला आहे, डॉक्टर नाही.” काकूंना त्यांनी पाठवलं नाही. कारण सोपं होतं. दर सहा महिन्यांनी ते काकूंना स्टुलावर बसवायचे, एक डोळा झाकायचे, आणि काकू सातही ओळी वाचायच्या. मग दुसरा डोळा. पुन्हा सातही ओळी. सबंध गल्लीत इतके चांगले डोळे कुणाचे नव्हते.

मग चहा कपाच्या बाहेर पडायला लागला. स्क्रू खाली पडला की सापडेना. एकदा एका वकिलाचं डावं भिंग उजवीकडे बसलं. काका चिडले. “लक्ष कुठे असतं तुझं?” काकू म्हणायच्या, “म्हातारी झाले हो.” काका पुन्हा स्टुलावर बसवायचे, पुन्हा सात ओळी. “डोळे ठणठणीत आहेत तुझे. लक्षच नाही.” दोन वर्षं असं चाललं. मी जिन्यावरून ऐकत होते आणि मलाही वाटायचं, वयच आहे.

त्या दिवशी मी चष्म्याची नाकावरची गादी बदलायला गेले होते. सकाळीच काकूंनी एका मुलीच्या फ्रेममध्ये दुसऱ्याचीच काच बसवली होती आणि तिचे वडील दुकानात येऊन वाटेल ते बोलून गेले होते. काका धुमसत होते. “मंगल, ये इकडे. बस.”

आदल्या संध्याकाळी एका विक्रेत्याने नवा तक्ता दिला होता. जुना पिवळा पडला होता म्हणून काकांनी सकाळी दुकान उघडतानाच नवा लावला. काकूंना सांगायचं राहिलं. त्यात सांगण्यासारखं काय होतं? या नव्या तक्त्यावर पहिलं अक्षर एच होतं. खाली के आणि आर.

काकू बसल्या. पदर सारखा केला. दिवा मालवला, तक्ता उजळला. काकांनी त्यांचा डावा डोळा झाकला.

“ई,” काकू म्हणाल्या. “एफ पी. टी ओ झेड. एल पी ई डी.”

काका हातात झाकणी धरून उभेच राहिले. काकू थांबल्या नाहीत. खणखणीत आवाजात, न अडखळता, “पी ई सी एफ डी. ई डी एफ सी झेड पी.” सातवी ओळ झाली तेव्हा त्या नेहमीसारख्या हसल्या आणि म्हणाल्या, “झालं? दुसरा झाका.”

काकांनी दुसरा डोळा झाकला नाही. ते तक्त्याजवळ गेले आणि सगळ्यात वरच्या, वितीएवढ्या अक्षरावर बोट ठेवलं. “मंगल, हे कोणतं?”

“ई.”

“नीट बघ.”

“बघतेय की हो. ई हाय. दिसतंय मला.”

मी शपथेवर सांगेन, त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच दिसत होतं. डोळ्यांनी सोडून दिलेलं काम पाठांतर करत होतं आणि दोघांतला फरक त्यांना स्वतःलाही कळला नव्हता. काकांनी दिवा लावला. मी माझा चष्मा तसाच काउंटरवर ठेवून वर निघून आले. त्या दिवशी मी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

दवाखान्यात सांगितलं, साखरेने दोन्ही पडद्यांचा मधला भाग खाल्लाय. सुया देऊ, लेझर करू, उरलेलं राखायचा प्रयत्न करू. आणि डॉक्टर जे बोलून गेले ते काकांनी मला जिन्याच्या पायरीवर बसून सांगितलं. “थोडं आधी आणायला हवं होतं, म्हणाले. थोडं आधी म्हणजे किती, तर दोन वर्षं.” हातातला धोतराचा तुकडा ते घडी घालत होते, उलगडत होते. “तुमच्या पोरी म्हणतात ना बाई, एल पडला. तो हा. मीच तिला ती अक्षरं शिकवली, मीच पाठ करून घेतली, आणि मीच सहा-सहा महिन्यांनी म्हणवून घेतली. हजारो लोकांना सांगितलं, दिसत नाही म्हणा. घरात विचारलंच नाही.”

मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. मलाही सांत्वन येत नाही.

“तिचं गेलं ना पुरतं, तर मी हे शटर खाली ओढणार,” ते म्हणाले. “ज्याला बायकोचे डोळे कळले नाहीत त्याने लोकांचे बघू नयेत.”

दुसऱ्या आठवड्यात दोन्ही तक्ते खाली उतरले. काकांनी सुताराकडून सात लाकडी चकत्या करून घेतल्या, पहिली ताटाएवढी, शेवटची रुपयाएवढी. प्रत्येकीवर एकच ई. मधोमध खिळा ठोकून त्या भिंतीवर लावल्या. आता पाठ करण्यासारखं काही उरलं नव्हतं. गिऱ्हाइकाने डोळे मिटायचे, काका चकती फिरवायचे, ती कर्रर्र वाजायची, मग गिऱ्हाइकाने डोळे उघडून हातातला लाकडी ई तसा धरायचा. खिळ्याला तेल घाला म्हणून मी किती वेळा सांगितलं. वर मला त्या करकरण्याने दात शिवशिवायचे. काका म्हणायचे, “तेलाचे हात भिंगाला लागतात.” तेव्हा आधी कर्रर्र, आणि मग हात. हा त्या दुकानाचा नवा नेम झाला.

लोकांनी भांडणं काढली. एक निवृत्त मुख्याध्यापक तर लाल झाले. “हे अडाण्यांचं आहे. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलंय! मला लाकडाचा तुकडा देता?”

“सर, तुम्हाला इंग्रजी येतं हे मला मान्य आहे,” काका म्हणाले. “दिसतं का, ते बघतोय.”

सर उठून गेले. महिन्याभराने परत आले, निमूट लाकडी ई हातात घेतला आणि तिसऱ्या चकतीला थांबले. संध्याकाळी काका मला म्हणाले, “आज सगळे ई, बाई. एकही ओ नाही.” तेवढ्यापुरता त्यांचा जुना आवाज परत आला होता.

काकू काउंटरवर बसतच राहिल्या. बोटांना सगळं येत होतं, दोरा खाचेत बरोबर जायचा. फक्त डावं-उजवं काका बघून द्यायचे. रोज दुपारी दोन ते तीन दुकान बंद असायचं. अर्धं शटर ओढून काका काकूंना स्टुलावर बसवायचे आणि चकत्या फिरवायचे. पहिल्या वर्षी काकू तीन चकत्यांपर्यंत जायच्या. मग दोन. मग फक्त पहिली, ताटाएवढी. सुया चालू होत्या, येणंजाणं चालू होतं, आणि ते ताट हळूहळू लांब जात होतं.

एकदा काका दवाखान्यात फाईल आणायला गेले असताना काकू मला म्हणाल्या, “बाई, तुम्ही हायेत ना दारात?”

मी त्यांच्यापासून तीन हातांवर उभी होते.

“ह्यांना सांगू नका. कर्र वाजलं की किती वेळ वाजलं त्यावरून मी हात फिरवते. थोडं वाजलं तर पाव, लय वाजलं तर अर्धं. कधी जमतं, कधी नाय.”

“काकू, सांगून टाका की त्यांना.”

“सांगितलं की हे दुकान बंद करतील. बोलून बसलेत तसं. मग दिवसभर काय बघतील? माझ्याकडंच बघतील.” त्या भिंग हातात फिरवत होत्या. “मला दिसत नाय त्याचं काय नाय हो एवढं. ह्यांना ते बघवायचं नाय.”

मी वचन दिलं आणि पाळलं. बरोबर केलं की चूक, ते मला आजही ठरवता येत नाही. वर जाऊन वर्गात उभी राहिले तर खालून कर्रर्र ऐकू यायचं आणि मी खडू हातात धरून मोजायचे, थोडं वाजलं की लय वाजलं.

यंदा उन्हाळ्यात मी ती जागा सोडली. पोरं आता चौकातल्या गर्दीतून यायला तयार नसतात, त्यांना घरी फोनवर शिकवलेलं बरं वाटतं. आधीचं बरं की आत्ताचं, ते मला काकांनी विचारलं नाही. शेवटच्या दिवशी फळा-बाकडी टेम्पोत चढवली आणि काकांकडे दुरुस्तीला दिलेला चष्मा घ्यायला खाली आले. पावणेतीन झाले होते. शटर अर्धं खाली होतं. आत हाक मारावी म्हणून वाकले, तर आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि दोघं तिथे होते.

काकू स्टुलावर, पदर सारखा केलेला, मांडीवर लाकडी ई. काका भिंतीपाशी, पहिल्या चकतीवर हात ठेवून. ते काकूंकडे बघत होते. चकती फिरवत नव्हते.

“फिरवली?” काकूंनी विचारलं.

“फिरवली.”

काही वाजलं नव्हतं. काकूंनी क्षणभर मान कलती केली, मग हातातला ई उचलला आणि दात खाली करून धरला. हात अगदी स्थिर. काकांनी ते बघितलं, आणि मग हळूच, दोन बोटांनी, भिंतीवरची चकती दात खाली येईपर्यंत फिरवली.

कर्रर्र.

“बरोबर,” काका म्हणाले.

काकूंनी लाकडी ई पुन्हा मांडीवर ठेवला. त्याच्यावर दोन्ही हात ठेवले.

“अहो,” त्या म्हणाल्या, “आज आधी माझा हात आणि मग तुमची चकती. किती दिवस चाललंय हे?”

काकांचा हात चकतीवरच होता.

“मला दिसत नाय हो. हे मोठं पण नाय. दिवाळीपासून नाय.”

बाहेर टायरवाल्याचा हातोडा चालू होता, तो दोन-तीनदा वाजला. काकांनी चकतीवरचा हात काढला. ते काकूंसमोर येऊन उभे राहिले, खिशातला धोतराचा तुकडा काढला आणि त्यांचे डोळे पुसले. आधी डावा, मग उजवा, काचा पुसायचे तसे.

“शाबास,” ते म्हणाले.

मी मागे सरले. चष्मा राहू दे, मागवून घेईन म्हटलं. टेम्पोवाला घाई करत होता. गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचली तेव्हा मागे खडखड झाली म्हणून मी वळून बघितलं. तीन वाजले होते, आणि काका शटर वर ढकलत होते. त्याखालून दोन गिऱ्हाइकं वाकून आत शिरली, आणि काउंटरवर काकू आपल्या जागेवर बसल्या होत्या.